केप बफेलो आणि .375: सॉफ्ट की सॉलिड?
आफ्रिकेतल्या केप बफेलो या रानम्हशीच्या शिकारीसाठी .375 एच अँड एच या काडतुसाच्या रायफलमध्ये सगळ्याच गोळ्या सॉलिड भराव्यात का, असं एकाने विचारलंय. कळपात तरी नको! सॉलिड म्हणजे कडक गोळी, ती अंगात शिरल्यावर फुलून रुंद होत नाही, आरपार जाते आणि मागचं जनावर फुकट जखमी होतं. पहिली गोळी 300 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) बाँडेड सॉफ्ट, म्हणजे फुलणारी आणि आतलं शिसं बाहेरच्या जॅकेटला (धातूच्या कवचाला) पक्कं जोडलेली, किंवा अख्ख्या तांब्याची फुलणारी ठेवा. अशी न जोडलेली साधी जॅकेटवाली स्वस्त पडते खरी, पण खांद्याच्या हाडावर तिचं शिसं आणि जॅकेट वेगळं होऊ शकतं. तिच्यामागे सॉलिड, तीही चपट्या नाकाची. गोल नाकाची आत शिरल्यावर वाट सोडण्याची शक्यता जास्त. दोन्ही 50 मीटरवर एकाच जागी लागतात का, ते आधी कागदी निशाणावर बघा. क्रिंप, म्हणजे केसच्या (काडतुसाच्या नळकांड्याच्या) तोंडाची बुलेटवरची आवळण, ढिला असेल तर धक्क्याने मॅगझिनमधल्या काडतुसाची बुलेट केसमध्ये आत सरकते.