मदत हवी आहे: बंड्याच्या वाढदिवसाला बिनगुळाची तवसळी जमेल का?

नमस्कार मंडळी. आमचा बंड्या गावठी कुत्रा आहे, वजन १८ किलो. दोन वर्षांपूर्वी पाच दिवसांच्या गणपतीच्या विसर्जनाला वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर भिजलेलं पिल्लू मिळालं, तोच त्याचा वाढदिवस धरलाय. मुलांनी तिथीनं करायचं ठरवलंय, म्हणजे नेमकं घर पाहुण्यांनी भरलेलं असताना. सासूबाईंचं म्हणणं, "कुत्र्याक केक? आमच्या वेळेक माणसांक मिळत नाय होतो!" पण तवसळीची, म्हणजे तवशाच्या (मोठ्या काकडीच्या) केकची कल्पना त्यांचीच.

बेकरीचा केक नको, हे नक्की. गेल्या वर्षी धाकट्याच्या केकचं आयसिंग बंड्यानं चाटलं आणि दोन दिवस आम्ही अंगण धूत होतो. चॉकलेट कुत्र्यांना विषारी असतं, हे तेव्हाच वाचलं. नशीब, तो केक अननसाचा होता.

तर तवसं मांडवावर आहेच, इडलीचा रवा घरात आहे. अडचण अशी की आमच्याकडे तवसळीत गूळ, मीठ, खोबरं, काजू आणि जायफळ सगळंच पडतं. गूळ आणि मीठ मी काढणारच आहे. पण गूळ काढला तर ती धरेल का, की भुगा होईल? खोबरं चालतं का? वर लावायला काय? घट्ट दह्याचा चक्का डोक्यात आहे, पण भाद्रपदातल्या दमट हवेत तो किती वेळ टिकेल, शंका आहे. आणि ओव्हन नाही. असता तरी त्या दिवसांत विजेचा भरवसा कुणी द्यावा?

एक उपप्रश्न: केकऐवजी उकडलेला बांगडाच द्यावा, असं नवऱ्याचं मत. पण घरात गणपती असताना बांगडा? हा प्रश्न मी त्याच्या आईकडे पाठवलाय.

प्रतिसाद :
ताई, सगळ्यात आधी जायफळ काढा. त्यातला मायरिस्टिसिन नावाचा घटक कुत्र्यांना बाधतो, जास्त गेला तर थरथर, भ्रम, उलट्या. चिमूटभरानं काही होईलच असं नाही, पण कशाला? त्याहून मोठी भीती त्या दिवसांतल्या प्रसादाची. पंचखाद्यात मनुका असतील तर बंड्याच्या तोंडाला लागू देऊ नका, मनुका आणि द्राक्षांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्या की धोका, याचा नेम नाही, कुणाला थोड्यानंही होतं. पाहुण्यांच्या पोरांना आधीच दम देऊन ठेवा.

गुळाऐवजी एक पिकलं केळं कुस्करून घाला आणि एक अंडं. अंड्यानं धरेल. (अंडं गणपतीत चालत नसेल तर उकडलेलं रताळं, थोडं जास्त.) खोबरं विषारी नाही, पण तेलकट. चमचाभर पुरे. काजूही विषारी नाहीत, तरी वगळा, स्निग्ध पदार्थ जास्त झाले की काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते.

प्रतिसाद :
वरच्यांशी सहमत. शेंगदाण्याचं कूट घालणार असाल तर शेंगदाणे नीट निवडा. पावसाळ्यात आपल्याकडे डब्यातही बुरशी धरते आणि त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन कुत्र्याचं यकृत खराब करतं. विकतचं पीनट बटर घ्यायचं तर डब्यावर झायलिटॉल लिहिलंय का बघा. बिनसाखरेच्या वस्तूंत ते असतं आणि कुत्र्याची रक्तातली साखर तासाभरातसुद्धा खाली आणतं.

ओव्हनचं टेन्शन घेऊ नका. कुकरची शिटी आणि रबर काढा, तळाला वाळू, वर जाळी, मंद आच, पाऊण तास. नाहीतर आजीची पद्धत, टोपाखाली चूल आणि झाकणावर करवंटीचे निखारे. तवसं किसण्याआधी चाखा. कडू निघालं तर टाकून द्या, ते माणसालाही बाधतं. जून असेल तर साल-बिया काढा.

चक्का आयत्या वेळी लावा. मेणबत्ती केकवर नको, शेजारी पणती लावा, वितळलेलं मेण तो चाटणारच.

धागाकर्ती :
दोघांचेही मनापासून आभार. जायफळाचं खरंच माहीत नव्हतं, आमच्याकडे ते परसातच आहे.

काल चाचणी केली. पाऊण वाटी रवा कोरडा भाजून, दीड वाटी कीस पाण्यासकट, एक केळं, एक अंडं, चमचाभर खोबरं. अर्धा तास मुरवलं, मग कुकरमध्ये ठेवलं. पाऊण तासाला मध्ये सुरी ओली निघाली, आणखी दहा मिनिटं लागली. कडा खरपूस, मध्ये जरा बसकी, पण सुटी झाली. सासूबाईंनी चव घेतली आणि मुकाट्यानं गुळाच्या डब्याकडे गेल्या.

बंड्याला पोहे खायच्या चमच्याएवढाच तुकडा दिला. आज पोट ठीक आहे. वाढदिवसालाही दोन बोटं रुंद तुकडाच देणार, खाऊ दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शात बसवायचा आणि रात्रीचा भात तेवढा कमी करायचा. उरलेली गल्लीतल्या त्याच्या मित्रांना.

एकच राहिलं: ही आदल्या रात्री करून फ्रिजबाहेर ठेवली तर सकाळी आंबेल का? फ्रिज नैवेद्यानं भरलेला असणार.