मदत हवी आहे: स्वतःच्या चालीतल्या अभंगावर कॉपीराइट क्लेम, अपील करावं का?

आम्ही मिरज-सांगलीतले चौघे, कुठल्याही लेबलशिवाय गाणी करतो. तुकोबांचा एक अभंग स्वतःच्या चालीत रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकला. तिसऱ्याच दिवशी एका म्युझिक कंपनीचा कंटेंट आयडी (अपलोड केलेला आवाज नोंदवलेल्या रेकॉर्डिंगशी आपोआप जुळवणारी यूट्यूबची यंत्रणा) क्लेम आला.

शब्द 17व्या शतकातले, म्हणजे त्यांच्यावर कुणाचा कॉपीराइट नाही. चाल आमच्या गायकाने बांधलेली. क्लेममध्ये दाखवलेला भाग 0:08 ते 0:52, आणि तिथे फक्त तानपुरा आणि आलाप आहे! तानपुरा ॲपमधला नाही. मिरजेतच घडलेला, समोर माइक ठेवून छेडलेला. लूप, सॅम्पल काहीच नाही. डिस्ट्रिब्युटरकडे (आमची गाणी म्युझिक ॲप्सवर पोहोचवणारी सेवा) कंटेंट आयडीचा पर्याय घेतलेला नाही, त्यामुळे आमचाच क्लेम आमच्यावर आला असंही नाही.

डिस्प्यूट केला, तो 26व्या दिवशी फेटाळला. आता अपील उरलंय. त्यावर कंपनीने टेकडाउन (व्हिडिओ काढून टाकण्याची मागणी) पाठवलं तर चॅनेलवर स्ट्राइक येईल, म्हणजे चॅनेल बंद होण्यापर्यंत नेऊ शकणारा इशारा. आमची जुनी 11 गाणी तिथेच आहेत आणि त्याच लिंक दाखवून आम्हाला कार्यक्रम मिळतात, म्हणून हात अडखळतोय. चॅनेलला मॉनेटायझेशन नाही, तेव्हा प्रश्न पैशांचा नाही. आमच्या गाण्यावर दुसऱ्याचा हक्क दिसतो, ते सहन होत नाही. वकिलाची फी परवडणार नाही.

मल्टिट्रॅक फाइली (प्रत्येक वाद्य-आवाजाचं वेगवेगळं रेकॉर्डिंग) आणि चाल बांधतानाचं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग तारखेसकट आहे. नुसत्या तानपुऱ्यावरच्या अशा क्लेमविरुद्ध कुणी अपील जिंकलंय का, आणि अपिलात नेमकं काय लिहिलं होतं?