कंपाईल होणं हा सोपा भाग आहे

स्वोर्ड या बायबल वाचायच्या मुक्त सॉफ्टवेअरचं इंजिन सी++ या प्रोग्रामिंग भाषेत आहे, तेव्हा नव्या फोनवर कंपाईल करून (म्हणजे त्या कोडचं फोनवर चालणारं रूप बनवून) वर स्क्रीन चढवली की काम झालं, असं एक मत ऐकलं. अर्धंच पटलं. आयफोनवरच्या पॉकेटस्वोर्ड या बायबल वाचकाने तोच रस्ता धरला खरा, पण अँड्रॉइडवरचं तसंच अँड बायबल जेस्वोर्डवर, म्हणजे स्वोर्डच्या जावा भाषेतल्या रूपावर, उभं आहे. म्हणजे आधी बघायचं ते हे, की नवा प्लॅटफॉर्म मूळ सी++ कोड चालवू देतो का.

माझ्या मते खरी डोकेदुखी वचनांच्या क्रमांकांची. बायबलमधल्या मलाखी या पुस्तकाचे हिब्रूत ३ अध्याय, इंग्रजीत ४. योएल या पुस्तकात नेमकं उलटं, हिब्रूत ४ आणि इंग्रजीत ३. स्तोत्र ५१ चं शीर्षक हिब्रूत पहिली दोन वचनं म्हणून मोजतात, त्यामुळे इंग्रजीतलं पहिलं वचन तिथे तिसरं. दोन भाषांतरं शेजारी ठेवून एकत्र स्क्रोल करायची, तर ही जुळवणी इंजिनमध्येच हवी. स्क्रीनच्या कोडमध्ये ठिगळं लावत बसलात तर संपलंच!

शोधाचंही तसंच. हिब्रूतली स्वरचिन्हं काढून इंडेक्स (शोधासाठीची शब्दसूची) केला नाही, तर कीबोर्डवर साधी अक्षरं टाइप करणाऱ्याला काहीच सापडणार नाही. शिवाय इंडेक्स फोनवर बनवण्यापेक्षा तयार करूनच द्या, बॅटरी वाचेल.

आणि हो, स्वोर्ड जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहे. नव्या स्टोअरच्या अटी त्याच्याशी जुळतात का, हे पहिली ओळ लिहायच्या आधी वाचा. व्हीएलसी हे व्हिडिओ प्लेअर २०११ मध्ये अ‍ॅपलच्या स्टोअरमधून गेलं ते याच वादातून.