टेंडनची इलास्टोग्राफी: कामाची का नुसते रंगीत फोटो?

परभणीचा मामा:
भाचा पोलिस भरतीची तयारी करायलाय. 1600 मीटरचा टायमिंग बसवायच्या नादात डांबरी रोडवर पळून पळून आता वाटीच्या खाली दुखायलंय, उकिडवं बसून उठायचं म्हणलं की कळ येते. सोनोग्राफीत टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) जाड झालंय असं आलं, इथवर ठीक. आता एकजण म्हणायलेत की संभाजीनगरला जाऊन इलास्टोग्राफी करा, टेंडन किती कडक किती मऊ ते आकड्यात कळतं. माझं म्हणणं सरळ आहे, आकडा काहीबी आला तरी व्यायामच करायचाय ना, मग आकडा घेऊन काय लोणचं घालायचं?

नांदेडचा सोनोग्राफीवाला:
मामा, एवढं पण उडवून लावू नका. साध्या सोनोग्राफीत जाडी दिसते, काळपट डाग दिसतात, डॉपलर लावला तर नवीन रक्तवाहिन्या दिसतात, पण टेंडनचा ताठपणा कळत नाही. इलास्टोग्राफीचं शिअर वेव्हवालं मशीन आतमधी एक बारीक धक्का देतं, त्याच्यातून आडव्या लाटा निघतात आणि त्या किती मीटर प्रति सेकंद पळतात ते मोजतं. कडक वस्तूत लाट जोरात पळते, मऊ असली की रेंगाळते, एवढंच. लिव्हरचं फायब्रोस्कॅन करता ना, जात तीच. तुम्ही म्हणायलात ते रंगीत फोटो म्हणजे जुनी पद्धत, प्रोब हातानं दाबून रंग बघायचे, त्याच्यावर माझाबी भरोसा नाही.

फिजिओ, लातूर:
लिव्हरचं उदाहरण देऊन फसवू नका राव 😀 लिव्हर सगळ्या बाजूनं जवळपास सारखं असतं, टेंडन म्हणजे सुतळी. धाग्याच्या दिशेनं प्रोब धरला तर एक आकडा, आडवा धरला तर दुसराच. आणि मशीन ताठपणाचा जो आकडा किलोपास्कलमधी छापतं त्याचं गणितच वस्तू सगळीकडून सारखी आहे असं धरून केलेलं असतंय. वर गुडघा जास्त वाकवला की टेंडन ताणतं आन् आकडा चढतो, पेशंटनं मांडी आवळली तरी चढतो. ताणलेलं टेंडन तर इतकं कडक होतं की काही मशीनची मोजायची हद्दच संपते.
अजून एक गंमत, 2014 च्या एका अभ्यासात खेळाडूंचं दुखरं टेंडन चांगल्या बाजूपेक्षा कडक निघालं, नंतरच्या दुसऱ्या अभ्यासात मऊ निघालं. आता भाच्याचा आकडा कमी आला तर काय समजायचं?

नांदेडचा सोनोग्राफीवाला:
म्हणून तर एकाच आकड्यावर काही ठरवायचं नसतं. तेच मशीन, तोच अँगल, हलका हात, भरपूर जेल, दोन्ही गुडघे, आणि दोन-तीन महिन्यांनी परत. बदल बघायचा.

व्हॉलीबॉल कोच, जालना:
मी नांदेडवाल्याच्या बाजूनं. पोरं दुखणं लपवतात हो! भरती तोंडावर आली की विचारलं तरी "काही नाही सर, मस्त". तोंडावर दाखवायला काहीतरी पाहिजे का नको?

फिजिओ, लातूर:
सर, बिलकूल न दुखणाऱ्या खेळाडूंची टेंडनं पण सोनोग्राफीत खराब दिसतात. म्हणजे आकडा न् दुखणं हातात हात घालून चालत नाहीत, त्याचं काय करता? एका पायावर बैठक मारायला लावा, कुठं तोंड वाकडं होतं ते दिसतंच, फुकटात. आणि ही तपासणी आपल्या तालुक्यात होईल याची वाट बघू नका. 1994 च्या पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंग तपासणी बंदीच्या कायद्यानं सोनोग्राफीचं मशीन नुसतं गुडघ्याला वापरायचं म्हणलं तरी नोंदणी लागते, आपल्याकडं त्याची कडक अंमलबजावणी का झाली ते सांगायची गरज नाही. माझ्यासारख्याच्या क्लिनिकात ते येणार नाही. मग दर वेळी एसटीनं संभाजीनगर, एक दिवस गेला, रोजगार बुडाला.

नांदेडचा सोनोग्राफीवाला:
एसटीचं मान्य. पण टीमच्या पोरांना सीझनच्या आधी एकदा मोजून ठेवलं तर दुखायला लागल्यावर जुळवायला स्वतःचाच जुना आकडा राहतो, हे तरी कबूल करा.

फिजिओ, लातूर:
टीम असंल, मशीन जवळ असंल तर करा ना, मी कुठं अडवतोय. मामाच्या भाच्याला मात्र नको, त्याचा आधीचा आकडाच नाही.

परभणीचा मामा:
बरं झालं विचारलं, गाडीभाडं वाचलं. पळणं कमी केलंय, तिरप्या फळीवर उभं राहून मारायच्या बैठका सुरू केल्यात. फळी सुताराकडून करून घेतली पण उतार किती ठेवायचा?

फिजिओ, लातूर:
25 अंशाच्या आसपास, टाच वर, बोटं खाली. सावकाश खाली जायचं. जमायला लागलं की पाठीवरच्या सॅकमधी वजन थोडं थोडं वाढवा, ज्वारी भरली तरी चालते.