खेळाडू दर आठवड्याला नवा नियम मागायलेत, काय करावं?

लातूरचा_डीएम
नमस्कार मंडळी. आम्ही सहा जण दर रविवारी मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत मिळून गोष्ट रचायचा खेळ) खेळतो. पाचवी आवृत्ती, २०१४ची पुस्तकं. डीएम, म्हणजे गोष्ट अन् शत्रू चालवणारा, मीच, कारण पुस्तकं माझी. आठ महिने झाले, सगळ्यांची पात्रं पाचव्या लेव्हलला, म्हणजे ताकदीच्या पाचव्या टप्प्याला आलीत. गोष्ट दुष्काळी मुलखातली आहे. शेवटी देवगिरीसारखा एक किल्ला येणार, खंदक अन् अंधारी मार्गासकट.

आता अडचण. दर आठवड्याला कुणीतरी व्हॉट्सॲपवर नवा नियम टाकतंय. एकाला नेम धरून डोळ्यावर बाण मारायचाय. दुसऱ्यानं तर चार पानांचा तक्ताच लिहून आणला: फाशावर १ पडला की तलवार निसटणार, पाय मुरगळणार, काय काय. तिसरा म्हणतो, दुष्काळ आहे तर तहान कुठंय? पाण्याचा हिशोब ठेवा. नाही म्हणलं की तोंड पाडून बसतात. हो म्हणलं तर पुढच्या रविवारी तो नियम माझ्याच ध्यानात राहत नाही. तुम्ही कसं निस्तरता?

फासेवाली_नांदेड
तक्ता आधी बाजूला ठेवा. वीस बाजूंच्या फाशावर १ पडायची शक्यता ५ टक्के. तुमचा फायटर, म्हणजे लढवय्या, पाचव्या लेव्हलला एका टर्नमध्ये दोनदा वार करतो, वारागणिक एक फासा, म्हणजे दर टर्नला जवळपास १० टक्के वेळा त्याचं काहीतरी बिघडणार. अकराव्या लेव्हलला तीन वार, म्हणजे १४ टक्क्यांच्या वर. जितका पट्टीचा तलवारबाज, तितक्यांदा तलवार खाली! आणि सेव्ह (वाचायसाठी टाकायचा फासा) करायला लावणारे स्पेल, म्हणजे मंत्र, टाकणारा विझार्ड (जादूगार) मात्र मजेत, कारण तिथं फासा समोरच्यानं टाकायचा असतो. हे गणित त्या पोराला कागदावर मांडून दाखवा. आमच्याकडं एकानं मांडल्यावर स्वतःच तक्ता फाडला.

गोदाकाठचा_गोब्लिन
मी उलटा अनुभव सांगतो. मी सगळ्याला हो म्हणणारा माणूस. शत्रूला दोन बाजूंनी घेरलं की ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा), हा नियम डीएमच्या पुस्तकात ऐच्छिक म्हणून दिलाय, तो पोरांनी मागितला, मी दिला. महिन्याभरात लढाईची दिंडी झाली: एक आपला, एक त्यांचा, एक आपला, एक त्यांचा, सगळे एका ओळीत. बार्बेरियन, म्हणजे रानटी योद्धा, खेळणारी मुलगी वैतागली. ती स्वतःवर जोखीम घेऊन जे ॲडव्हान्टेज मिळवायची, ते आता सगळ्यांना फुकट मिळायलं होतं. शेवटी नियम काढला, तर त्यावरूनही भांडणं. तवापासून कुठलाही नवा नियम तीन सेशनच्या बोलीवर देतो. आवडला नाही तर आपोआप रद्द, कुणाची मानहानी नाही.

जुना_विझार्ड_परभणी
तीन सेशन वगैरे ठीक आहे, पण राव, आधी पुस्तक उघडा की. तहानेचा नियम खेळाडूंच्या पुस्तकातच आहे! माणशी दिवसाला एक गॅलन पाणी, उन्हाळ्यात दोन. निम्मंच मिळालं तर कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) १५चा सेव्ह, म्हणजे किमान १५ गाठायचे, नाही जमला तर थकव्याची एक पायरी. सहाव्या पायरीला माणूस खलास. निम्मे ‘नवे’ नियम असे छापलेलेच असतात.

सगळ्या मागण्यांना नाही म्हणू नका, हेही सांगतो. औषधाची बाटली पूर्ण ॲक्शन (टर्नमधली मुख्य कृती) न घालवता बोनस ॲक्शनमध्ये (जोडीच्या छोट्या कृतीत) पिऊ द्या, अशी मागणी कित्येक टेबलांवर व्हायची. २०२४च्या आवृत्तीत तेच अधिकृत झालं. खेळाडूंना कुठं टोचतंय ते कधीकधी त्यांनाच आधी कळतं.

फासेवाली_नांदेड
काका, पण क्लेरिक (देवाच्या कृपेनं मंत्र टाकणारा) असेल तर तो तहानेचा नियम संपलाच की. पाणी निर्माण करायचा पहिल्या लेव्हलचा स्पेल एका वेळी १० गॅलन देतो. पाच जण, माणशी दोन गॅलन: बरोब्बर एक स्लॉट (दिवसाला मंत्र टाकायच्या ठरावीक वेळा असतात, त्यातली एक). हिशोब ठेवून हाती काय लागणार?

लातूरचा_डीएम
हेच झालं! क्लेरिक आहे आमच्यात, तिनं लगेच तो स्पेल दाखवला अन् विषय मिटला. तो स्पेल बंद करावा म्हणतो.

मांजरा_माय
भाऊ, असं करू नका. तिनं तो घेतला तेव्हा तुम्ही काही बोलला नव्हता, आता हिसकावून घेणं बरं नाही. त्यापेक्षा तहानवाल्याला एकट्याला विचारा, त्याला नेमकं काय पाहिजे. गॅलन मोजायची हौस कुणालाच नसते.

लातूरचा_डीएम
चार दिवसांनी येतोय. विचारलं त्याला. तो म्हणला, २०१६ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी सहावीत होतो, आई रात्री दोनला नंबर लावायची. तुझ्या दुष्काळात कुणी रांगेतच दिसत नाही.

मी गप्पच झालो. मीपण त्याच गावचा की.

मग नियम काही केला नाही. रविवारी त्यांच्या वाटेत एक वाडी ठेवली, तीनशे माणसं, आड कोरडा. क्लेरिकचे पहिल्या लेव्हलचे चारही स्लॉट मिळून ४० गॅलन, म्हणजे दीडशेक लिटर. एक स्लॉट स्वतःसाठी ठेवला तर वाडीला शंभर-सव्वाशे लिटर. आणि तेच स्लॉट जखमा भरायला लागतात. कुणाला द्यायचं, लेकरांना आधी की बैलांना, यावर पाऊण तास वाद, फासा एकदाही पडला नाही. तिनं तीन स्लॉट वाटले. रात्री दरोडेखोर आले तेव्हा फायटर आडवा झाला अन् जवळ पहिल्या लेव्हलचा होता एकच स्लॉट. तहानवाला खूश, क्लेरिकवाली त्याहून खूश, गावानं तिचं नाव टँकरबाई ठेवलं.

तक्तेवाल्याला टक्क्यांचं गणित दाखवलं. पटलं नाही, पण गप बसला. डोळ्यावर बाणवाला अजून रुसलेला आहे.

जुना_विझार्ड_परभणी
त्याला सांगा, २० पडला की बाण कुठं लागला ते तू सांगायचं. नुकसान वेगळं वाढवायचं नाही, २० पडल्यावर नुकसानाचे फासे दुप्पट टाकायचे ते पुस्तकात आहेतच. शत्रूचा तिरंदाजही २० टाकतो, तेव्हा वर्णन तुम्ही करायचं, हे मात्र आधी कानावर घाला.

गोदाकाठचा_गोब्लिन
टँकरबाईला माझा नमस्कार सांगा. पुढच्या वेळेस त्या वाडीच्या पाटलानं पाण्याचे पैसे मागितले तर काय होतं ते इथं लिहा.