मदत हवी आहे: न्यूरेंबर्गवरच्या हवाई हल्ल्याच्या मोहिमेतल्या लँकास्टर बॉम्बर विमानाची पडण्याची वेळ कशी ठरवायची?

लिंकनशायरमधल्या लडफर्ड मॅग्ना तळावरून (चिखलापायी तिथले लोक त्याला मडफर्ड म्हणत) 30 मार्च 1944 च्या रात्री निघालेल्या ब्रिटिश हवाई दलाच्या 101 स्क्वाड्रनच्या एका लँकास्टरचा माग काढतोय. त्या मोहिमेत 95 विमानं परतली नाहीत.

स्क्वाड्रनच्या नोंदवहीतला फॉर्म 541 (एकेका विमानाच्या उड्डाणाची नोंद) पाहिला. उड्डाणाची वेळ आणि आठ नावं मिळाली. सात नव्हे, आठ, कारण 101 च्या विमानांत जर्मन रेडिओ संदेश ऐकून ते जॅम करणारा जादा माणूस असे. पुढे फक्त ‘बेपत्ता’. शोध सिरीयल नंबरानंच घेतलाय. विमानावरच्या ‘एसआर’ या स्क्वाड्रनच्या खुणेनंतरचं अक्षर, ते विमान गेलं की, नव्या विमानाला देत, त्यामुळे त्यावर विसंबलो तर दोन विमानांची गल्लत होते.

युद्धकबर आयोगाच्या स्थलांतर-अहवालातून (मृतदेह मूळ कबरीतून युद्ध-दफनभूमीत हलवल्याची नोंद) मूळ दफनाचं गाव कळलं. चौघांची कबर एकत्र आहे, म्हणजे अवशेष वेगळे करता आले नसावेत. आता त्या गावाजवळचे जर्मन रात्र-लढाऊ विमानांचे विमानं पाडल्याचे दावे ताडून पाहायचेत. लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात जाणं शक्य नाही, स्कॅनवरच भागवायचंय.

ब्रिटनमध्ये दुहेरी उन्हाळी वेळ (ग्रिनिचच्या दोन तास पुढे) 2 एप्रिलला लागली, म्हणजे त्या रात्री घड्याळ ग्रिनिचच्या एकच तास पुढे होतं. मग 541 मधली वेळ स्थानिक धरायची की ग्रिनिच? आणि जर्मन दाव्यांशी जुळवताना तास वाढवायचा की तशीच ठेवायची?