मदत हवी आहे: ऑफ-रोडचं हेल्मेट कपाळाला घट्ट, कानाशी सैल. साईज कुठली घ्यायची?

पॅटर्नवाला:

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात पॅटर्न शॉपमध्ये आहे, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी नमुने बनवतो. वय 41, चष्मा आहे. गेल्या दिवाळीत एक जुनी एक्सपल्स 200 मोटरसायकल घेतली. रविवारी पहाटे जोतिबाच्या बाजूनं गिरोली-पोहाळे, कधी पन्हाळ्याच्या खालच्या गाडीवाटा, पाऊस उघडला की गगनबावडा. धाडस वगैरे काही नाही. जांभ्याच्या सुट्या खडीवरून पहिल्या-दुसऱ्या गिअरात घसरत जायचं आणि येताना मिसळ खाऊन घर गाठायचं.

तीन आठवड्यांपूर्वी पोहाळ्याच्या उतारावर पुढचं चाक सुटलं. वेग विसाचा पण नसेल. डाव्या अंगावर पडलो, डोकं दगडाला लागलं. इजा काही नाही, पण उठून बसलो तर हेल्मेट डोळ्यांवर आलेलं, पुढं नुसता अंधार. पट्टा लावलेला होता बरं का. घरी काही बोललो नव्हतो, पण ओरखडे बोलले. आता नवीन हेल्मेट येईपर्यंत गाडीची किल्ली सौभाग्यवतींच्या डब्यात आहे.

दोन दुकानं फिरलो. डोक्याचं माप 58 सेंटीमीटर. तक्त्याप्रमाणे एल घातलं तर पाच मिनिटांत कपाळात कुणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं, आणि कानाच्या वर मात्र बोट जातंय. एक्सएलमध्ये कपाळ सुटलं, पण मान हलवली की हेल्मेट मागनं येतंय. एका दुकानात म्हणाले, "एलच घ्या, वापरून सैल होतंय." दुसऱ्यात म्हणाले, "एक्सएल घ्या, हवा खेळती राहील."

बजेट आठ-नऊ हजार. साईजचं काय करू? टोपीसारखी चोच आणि गॉगलवालं मोटोक्रॉसचं घ्यावं की काच असलेलं? आयएसआय, डॉट, ईसीई या शिक्क्यांतलं काय बघायचं? आणि जुनं चार वर्षांचं हेल्मेट नुसतं ओरखडलंय, ते गावात फिरायला चालेल का?

चिखल्या:

पडल्याशिवाय ऑफ-रोड होत नसतंय भावा, अभिनंदन! जुनं हेल्मेट मात्र भंगारात. आणि भंगारात घालायच्या आधी पट्टा कापून टाक, नाहीतर दुसरा कोणतरी उचलून डोक्याला लावतोय.

आंबा_घाट:

दादा, साईजचा प्रश्न आधी सुटू दे, बाकीचे त्याच्या मागनं येतील. कपाळ दुखतंय आणि कानाशी बोट जातंय, म्हणजे साईज नव्हे, आकार चुकतोय. हेल्मेटची आतली पोकळी वरून बघितली तर कुठल्या मॉडेलची जवळजवळ गोल असते, कुठल्याची मध्यम अंडाकृती, कुठल्याची लांबट. टेपला हे कळत नाही. 58 चं गोल डोकं आणि 58 चं लांबट डोकं टेपच्या लेखी एकच. लांबट डोक्यावर गोल पोकळी आली की कपाळ आणि मागची बाजू टेकते, दोन्ही कानशिलं रिकामी राहतात. मग माणूस एक साईज मोठं घेतो. कपाळाला बरं वाटतं आणि हेल्मेट डोक्यावर फिरायला लागतं. तुमचं जुनं असंच घेतलेलं असणार, म्हणून ते डोळ्यांवर आलं.

वापरून सैल होतात त्या गालाच्या गाद्या. कपाळावर जो एकच ठिपका दुखतो तो बहुतेक आतल्या थर्मोकोलचा असतो आणि थर्मोकोल वापरून सैल होत नाही. दुकानदाराचं अर्धं खरं होतं, तुमच्या कामाचं नव्हतं. थर्मोकोल कसं काम करतं ते पण बघा: आपटलं की ते चिरडतं आणि डोक्याला थांबायला जरा जास्त वेळ मिळतो. हे एकदाच. चिरडलेलं परत फुगत नाही. म्हणून जुनं बाहेरून चांगलं दिसलं तरी चिखल्या म्हणतोय तेच करा.

दुकानात हे करा. भुवयांच्या अडीच सेंटीमीटर वरून, कानांच्या वरून, मागचा सगळ्यात फुगीर भाग धरून टेप आडवी फिरवा, तीनदा मोजा. डोक्याला सुती टोपी बांधून चालवत असाल तर ती घालूनच मोजा. हेल्मेट घातलं, पट्टा लावला की दोन्ही हातांनी धरून डावी-उजवी हलवा. कपाळाची कातडी आणि गाल त्याच्याबरोबर ओढले गेले पाहिजेत. नुसतं कातडीवरून घसरलं तर खाली ठेवा. गाल इतके दाबले जावेत की बोलताना आतून चावले जातील. मग कुणाला तरी मागची कड धरून वर आणि पुढं ओढायला सांगा. उपटून डोळ्यांवर आलं तर किंमत आणि रंग विसरा. पट्ट्याखाली एक बोट जावं, दोन नको. हे सगळं जमलं तर तसंच घालून 20 मिनिटं दुकानात बसा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. काढल्यावर कपाळावर एका जागी लाल वण उठला असेल तर ते मॉडेल तुमचं नाही.

ईरेश्वरी:

आंबा_घाट यांच्याशी शंभर टक्के सहमत. चोच की काच यावर माझं सांगते, कारण मीही चष्मेवाली आहे.

पॅटर्नवालादादा, तुम्ही घरापासून मातीपर्यंत किती डांबर तुडवता ते मोजा. पन्हाळा म्हटलं तरी 20 किलोमीटर, गगनबावडा पन्नासच्या वर. मोटोक्रॉसच्या हेल्मेटची चोच ऊन अडवते आणि पुढच्या गाडीच्या चाकातून उडणारी खडी मान खाली घालून अडवता येते. हनुवटीपुढची जागा मोठी असते, त्यामुळे कमी वेगात धापा टाकताना दम कोंडत नाही. पण हायवेला सत्तर-ऐंशीच्या पुढं वारा त्या चोचीला धरून मान मागं ओढतो आणि बाजूचा ट्रक गेला की झटका बसतो. मी एक हंगाम सोसलं आणि सोडलं. आता ड्युअल स्पोर्ट वापरते, म्हणजे चोच आणि काच दोन्ही. मातीत काच वर करून गॉगल लावता येतो, मात्र घेताना गॉगल त्या खिडकीत बसतो का ते लावून बघा.

गॉगल चष्म्यावरून घालायचा असेल तर कडेच्या फोमला दांड्यांसाठी खाच असलेला मिळतो, तोच मागा. आणि हेल्मेट बघायला जाताना चष्मा लावून जा! मी पहिल्यांदा पर्समध्ये ठेवून गेले होते. घरी आल्यावर दांड्या कानशिलात घुसायला लागल्या. पावसात गगनबावड्याला काचेवर वाफ धरते, त्यासाठी आतून पिनलॉक (वाफ धरू न देणारी आतली जादा काच) बसेल अशी काच असेल तर सोनं.

चिखल्या:

ताई, मातीत काच म्हणजे धूळ खात बसणं. गॉगल तो गॉगल.

ईरेश्वरी:

तुम्ही गाडी टेम्पोत टाकून नेता चिखल्याभाऊ, आम्ही चालवत नेतो.

सीएमएल_तपास्या:

शिक्क्यांबद्दल. आयएसआय हवाच. 1 जून 2021 पासून देशात बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो, आयएसआयचा शिक्का यांचाच) प्रमाणपत्राशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकता येत नाही, मानकाचा नंबर आयएस 4151. हेल्मेटवरच्या शिक्क्याजवळ सीएम/एल आणि पुढं आकडे असतात, ते बीआयएस केअर ॲपमध्ये टाकले की परवाना कुठल्या कंपनीचा ते दिसतं. रस्त्याकडेच्या ढिगातली बरीच 'आयएसआय' हेल्मेटं इथंच उघडी पडतात.

डॉट अमेरिकेचं. तिथं कंपनी स्वतःच जाहीर करते की आम्ही नियमात बसतो, सरकार नंतर नमुने उचलून तपासतं. आपल्याकडं डॉटचं नुसतं स्टिकरही मिळतं, त्याला भुलू नका. ईसीई युरोपचं, त्यात विक्रीआधी चाचणी होते. पट्ट्याला शिवलेलं लेबल उलटून बघा: वर्तुळात ई आणि एक आकडा (तो मान्यता देणाऱ्या देशाचा, कुठं बनलं त्याचा नव्हे), शेजारी लांब नंबर. तो 06 नं सुरू होत असेल तर ईसीई 22.06, म्हणजे या मानकाची नवी आवृत्ती, त्यात तिरक्या आपटीची चाचणी पण आहे. नंबरमध्ये तिरक्या रेघेनंतर इंग्रजी पी असेल तर हनुवटीचा भाग संरक्षण देतो असं तपासलेलं. एनपी असेल तर तो भाग दिसायला आहे, भरवसा ठेवायला नाही. दगडावर तोंडावर पडणाऱ्या माणसानं पी बघावा.

अवांतर: उद्यमनगरात आहात म्हणून सांगतो. हेल्मेटवरचं ग्रीस पेट्रोल किंवा थिनरनं पुसू नका. पॉलिकार्बोनेट आणि एबीएस या प्लास्टिकचं कवच त्यानं आतून तडकतं, दिसत पण नाही. साबणाचं पाणी बास.

रंकाळा_चौपाटी:

बेळगाव जवळच आहे, व्हेगा तिथलीच कंपनी. त्यांचं ऑफ रोड नावाचंच मॉडेल आहे, बजेटच्या बरंच आत बसेल. बसतं का ते मात्र तुमचं डोकं सांगणार.

पॅटर्नवाला:

सर्वांचे आभार. आंबा_घाट, तुमचं वाचल्यावर शॉपमध्ये सरळ मोठा कॅलिपर काढला आणि पोराला डोकं मोजायला लावलं. कपाळ ते मागचा फुगवटा 21.1 सेंटीमीटर, कानाच्या वर रुंदी 15.6. चांगलंच लांबट निघालं! वीस वर्षं कोअर (साच्यातला आतला गाभा) साच्यात हलली की कास्टिंग रिजेक्ट असं पोरांना ओरडून सांगतोय आणि स्वतःचं डोकं ढिल्या साच्यात घालून फिरत होतो.

काल चष्मा लावून गेलो. सहा मॉडेलं घातली, त्यातली चार कपाळावरच मेली. पाचव्याचं एल कपाळाला आणि मागं सारखं बसलं, गाल मात्र ढिले. दुकानदारानं त्याच मॉडेलच्या जाड गालाच्या गाद्या आतून आणून बसवल्या, मग हलायचं थांबलं. 20 मिनिटं बसलो, चहा पण त्यांनीच पाजला. ड्युअल स्पोर्ट आहे, लेबल 06 आणि पी, आयएसआयचा नंबर ॲपमध्ये सापडला. बजेटच्या वर सातशे गेले. पट्ट्याला डबल डी-रिंग आहे (दोन कड्यांतून पट्टा ओवायचा), लावायला अजून दोनदा चुकतोय.

ईरेश्वरीताई, खाचेचा गॉगल इथं कुठं घालून बघता येईल? ऑनलाइन नको वाटतंय.

चिखल्या, पट्टा कापला. त्याच झटक्यात अस्तर ओढून काढलं. कवचावर नुसता ओरखडा होता, आत डाव्या कानाच्या वर थर्मोकोलला अंगठा बसेल एवढा खळगा. सौभाग्यवतींनी त्यात अंगठा घालून बघितला. किल्ली अजून डब्यातच आहे.